उसाच्या रानात चिपचे कारखाने : तैवानपासून आपण काय घ्यावे?



दर अंकात आम्ही लागण, बेणेप्रक्रिया, खत-पाणी, खोडवा याविषयी लिहितो. या वेळी विषय जरा बाहेरचा घेतला आहे, पण तो उसाच्या बांधावरूनच सुरू होतो. गटसभांतून दोन प्रश्न सारखे कानावर येतात. पहिला असा : "साहेब, उसावर घर चालतं, पण पोरगं इंजिनियर झालं की पुण्याला नाहीतर परदेशात जातं. हितंच राहावं असं काही आपल्या भागात का उभं राहत नाही?" दुसरा प्रश्न याच्या अगदी उलट टोकाचा : "उद्योग आला तर जमीन जाणार आपली, पाणी जाणार आपलं. मग त्यात आपला फायदा काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नुसती मते सांगून त्यांची उत्तरे मिळायची नाहीत. म्हणून एका खऱ्या ऊसमुलखाची हकिकत आम्ही आपणापुढे ठेवत आहोत. तो मुलूख म्हणजे तैवान. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एक-नवमांश आकाराचे हे बेट. लोकवस्ती सव्वादोन-अडीच कोटींच्या आसपास. एके काळी साखर विकून पोट भरणारा हा मुलूख आज जगातील सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतांश चिप तयार करतो.

चिप म्हणजे काय, हेही दोन ओळींत सांगतो. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी बारीक स्विच कोरलेले असतात, ती चिप. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये, ठिबकच्या स्वयंचलित यंत्रणेत आणि ज्याच्यावर आपणा सर्वांची बारीक नजर असते त्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यातही ती असते.

साखरेचा मुलूख

१८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानच्या ताब्यात होते. जपानी कंपन्यांनी तिथे मोठे साखर कारखाने घातले. शेतकऱ्याने आपला ऊस आपल्या हद्दीतल्याच कारखान्याला घालायचा, असा नियम १९०५ पासून होता. आपल्याकडे पूर्वी झोनबंदी होती, तसाच हा प्रकार. वजन कंपनी करणार आणि भावही कंपनीच ठरवणार. कंपनीच्या काट्यावर ऊस घालणारा पहिल्या नंबरचा खुळा, अशा अर्थाची म्हण तैवानी शेतकऱ्यांत आजही माहीत आहे. १९२५ साली अर्लिन नावाच्या गावच्या ऊस उत्पादकांनी संघ काढला. आधी भाव जाहीर करा, मगच तोड, असे ते म्हणाले. पोलिसांशी झटापट झाली आणि धरपकड झाली. अर्लिन हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

पाण्याचेही तसेच. दक्षिणेकडील च्यानान मैदानात १९३० साली मोठे धरण व कालवे पुरे झाले. सुमारे दीड लाख हेक्टरला एकाच वेळी पुरेल एवढे पाणी नव्हते. म्हणून तीन वर्षांची फेरपाळी बसवली. एका वर्षी भात, एका वर्षी ऊस, एका वर्षी इतर पिके. थोडे थोडे का होईना, पण पाणी सगळ्यांना मिळाले. आपल्याकडील फड पद्धत किंवा विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर आणलेली ब्लॉक पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म लगेच कळेल.

जपानी गेल्यावर १९४६ साली चार कंपन्यांचे कारखाने एकत्र करून सरकारी ‘तैवान शुगर’ कंपनी झाली. पुढच्या दशकात साखर हीच तैवानची सर्वांत मोठी निर्यात होती. याच काळात तिथे जमीन सुधारणा झाली. १९४९ मध्ये खंडावर मर्यादा आली आणि १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन झाली. ग्रामीण पुनर्रचनेसाठी एक संयुक्त आयोग १९४८ पासून काम करत होता. त्यात काम केलेले एक कृषि-अर्थतज्ज्ञ, ली तेंग-हुई, पुढे देशाचे अध्यक्ष झाले. सांगायचे एवढेच, की पुढच्या उद्योगाचा पाया शेतकऱ्याच्या हातात जमीन, पाणी आणि शिक्षण आल्यावर घातला गेला.

न्याहारीवर ठरलेली गोष्ट

साखरेवर देश कायम चालणार नाही, हे तिथल्या जाणत्यांनी ओळखले होते. १९७३ साली शिन्चू या गावी औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. पुढल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १९७४ मध्ये, राजधानी तैपेईतील सोयाबीनच्या दुधाच्या एका साध्या दुकानात सात माणसे न्याहारीला बसली. त्यांत तेव्हाचे अर्थव्यवहार मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेतील आरसीए कंपनीत काम करणारे तैवानशी संबंधित अभियंते पान वेन-युआन होते. देशाने पुढे कोणती एक गोष्ट धरावी, यावर बोलणे झाले. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजेच चिप, धरायची असे ठरले. चार वर्षे आणि एक कोटी डॉलर, असा अंदाज बांधला गेला.

यातली मेख ‘एक गोष्ट’ या शब्दांत आहे. सगळेच थोडे थोडे करू, असे ते म्हणाले नाहीत.

१९७६ साली आरसीएशी करार झाला आणि निवडक तरुण अभियंते अमेरिकेत शिकायला पाठवले गेले. परत येऊन त्यांनी १९७७ साली संशोधन संस्थेच्या आवारातच एक छोटा प्रायोगिक कारखाना चालू केला. एका चकतीवरच्या चिपपैकी चांगल्या किती निघाल्या, याला आपण आपल्या भाषेत ‘उतारा’ म्हणू. काही महिन्यांतच या शिकाऊ मुलांचा उतारा शिकवणाऱ्या कंपनीच्या उताऱ्यापेक्षा वर गेला. याचे कारण साधे होते. प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवायची, चूक कुठे झाली ते शोधायचे आणि ते सगळ्यांना सांगायचे, ही शिस्त त्यांनी पाळली.

शिन्चूचा परिसर

१९८० साली दोन गोष्टी घडल्या. संशोधन संस्थेतील तंत्र आणि ते तंत्र जाणणारी माणसे बाहेर पडली, आणि यूएमसी नावाची कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला शिन्चू विज्ञान उद्यान सुरू झाले. ‘उद्यान’ म्हटले तरी ती फिरायची बाग नव्हे. आपल्या एमआयडीसीसारखी ती आखलेली जागा आहे, पण तिची आखणी वेगळी आहे. ही आखणी नीट समजून घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट जागेची निवड. जमीन स्वस्त मिळते म्हणून कुठेतरी माळावर जागा घेतली नाही. दोन तांत्रिक विद्यापीठे आणि ती संशोधन संस्था यांना लागून जागा घेतली. प्राध्यापक, विद्यार्थी, संशोधक आणि कारखानदार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले.

दुसरी गोष्ट, जमीन विकली नाही, भाड्याने दिली. त्यामुळे प्लॉट घेऊन भाव वाढेपर्यंत अडवून ठेवणाऱ्यांची सोय उरली नाही. काम बंद पडले, तर जागा दुसऱ्या कामकऱ्याला देता येते.

तिसरी गोष्ट, परवाना, पाणी, वीज, जकात ही सर्व कामे एकाच कार्यालयात. वर पहिली पाच वर्षे करमाफी.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. परदेशी गेलेले आपले अभियंते परत यायचे, तर त्यांची अडचण पगारापुरती नसते. मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न घरात आधी निघतो. म्हणून उद्यानातच घरे बांधली आणि परदेशात वाढलेल्या मुलांना चालेल अशी दुभाषी शिक्षणाची शाळा काढली. पुढे अमेरिकेतून माणसे परतू लागली. ती येताना नुसती पदवी घेऊन आली नाहीत. ओळखी, गिऱ्हाईक आणि कामाच्या पद्धतीही घेऊन आली.

पिठाच्या गिरणीचा धंदा

परतलेल्यांपैकी सर्वांत गाजलेले नाव मॉरिस चांग यांचे. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षे काढली होती. १९८५ साली ते संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून तैवानला आले आणि १९८७ साली टीएसएमसी ही कंपनी निघाली. भांडवलात सरकारी निधीचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता, युरोपातील फिलिप्स कंपनीचा एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक होता, आणि बाकी इतरांचा.

या कंपनीने धंद्याची जी पद्धत काढली, ती आपल्या गावातल्या पिठाच्या गिरणीसारखी आहे. गिरणीवाला तुमचे दळण दळून देतो. तो स्वतः भाकरी विकायला बसत नाही, त्यामुळे खानावळवालाही निर्धास्तपणे त्याच्याकडे दळण टाकतो. टीएसएमसी दुसऱ्याने आखलेली चिप बनवून देते. स्वतःच्या नावाची चिप बाजारात विकत नाही. तोपर्यंत चिपच्या धंद्यात उतरायचे म्हणजे अवाढव्य खर्चाचा कारखाना घालणे आलेच. गिरणी झाल्यावर चार हुशार पोरांनी एका खोलीत बसून चिपची आखणी करायची आणि दळण गिरणीत टाकायचे, हे शक्य झाले. अशा आखणी करणाऱ्या कित्येक कंपन्या शिन्चूत निघाल्या. त्यांतील मीडियाटेक १९९७ साली यूएमसीतून वेगळी झाली. आज अनेक मोबाईलमध्ये तिची चिप असते.

अशा परिसरातून आर्थिक वाढ कशी होते, हे इथे उघड दिसते. एक मोठी सोय सर्वांना खुली झाली की तिच्याभोवती लहान धंदे उगवतात. कुणी शुद्ध वायू पुरवतो, कुणी रसायने, कुणी यंत्राचे सुटे भाग, कुणी तपासणी करून देतो. एका कंपनीत काही चालेना झाले, तर माणूस रस्ता ओलांडून दुसरीत जातो. त्याच्याबरोबर त्याचे शिकलेलेही जाते, ते वाया जात नाही. एकट्या कारखान्याच्या फायद्यापेक्षा हा भोवतालचा फायदा मोठा असतो.

याउलट आपल्या देशातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले. म्हणजे आपण तैवानच्या फार मागे नव्हतो. पण १९८९ साली तिथे आग लागली आणि कारखाना जळाला. पुन्हा उभा राहायला बरीच वर्षे गेली. आग कुठेही लागू शकते. पण भोवती दुसरा कारखाना नसला, गिऱ्हाईक कंपन्या नसल्या आणि पुरवठादार नसले, तर एक भिंत पडली की सारे घर बसते. माळावरचे एकटे झाड आणि राई यांत वाऱ्याला कोण टिकते, हे आपणांस सांगायला नको.

उसाच्या फडावर

शिन्चूत जागा अपुरी पडू लागली, तेव्हा दक्षिणेकडे दुसरे उद्यान करायचे ठरले. १९९५ साली मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. जागा कोणती? ताइनानजवळची, तैवान शुगर कंपनीची उसाची जमीन. क्षेत्र सुमारे १,००० हेक्टर. ज्या रानात ऊस डोलत होता, तिथे टीएसएमसीच्या सर्वांत नव्या पिढीच्या चिप तयार होऊ लागल्या. २०२० साली तिथे पाच नॅनोमीटरच्या आणि २०२२ च्या अखेरीस तीन नॅनोमीटरच्या चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. साखर उद्योग मात्र आकसला. गेल्या काही वर्षांत उसाचे गाळप करणारे दोनच कारखाने तिथे उरले. त्यांतला एक, शान्हुआचा, या उद्यानाच्या अगदी शेजारी आहे.

त्याच शान्हुआत १९७१ पासून जागतिक भाजीपाला केंद्र आहे. आपला त्याच्याशी संबंध नाही असे समजू नये. उन्हाळी मुगाचे एसएमएल ६६८ हे पंजाब कृषि विद्यापीठाचे वाण त्या केंद्राच्या साहित्यातून निवडलेले आहे. म्हणजे एकाच तालुक्याच्या परिसरात साखर कारखाना, बियाण्याचे संशोधन आणि चिप, असे तिन्ही.

जमीन आणि पाण्याची किंमत

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कारण आतापर्यंतची गोष्ट नुसती गोड आहे, आणि नुसत्या गोड गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागते, आणि तेही भरपूर. २०२०-२१ मध्ये तैवानात गेल्या पन्नासहून अधिक वर्षांतला कडक दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचे पाणी बंद केले आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. कारखान्यांनाही पाण्याची कपात सोसावी लागली, टँकर लावावे लागले, पण ते चालू राहिले. भरपाई मिळाली तरी शेतकरी, मजूर, भातगिरणीवाला आणि खतदुकानदार यांची साखळी तुटते. भरपाई फक्त साखळीतल्या पहिल्या कडीला मिळते. यानंतर ताइनान उद्यानात वापरलेले सांडपाणी शुद्ध करून पुन्हा कारखान्यांना देण्याच्या कामाने वेग घेतला. हे आधीच व्हायला हवे होते, असे आम्हांस वाटते.

जमिनीचीही अशीच कथा. जून २०१० मध्ये म्याओली जिल्ह्यातील तापू गावी, उद्यानाच्या विस्तारासाठी, दाणे भरलेल्या उभ्या भातात यंत्रे घातली गेली. ती चित्रे देशभर गेली आणि लोक खवळले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ साली चार कुटुंबांच्या बाबतीत झालेले संपादन बेकायदेशीर ठरले. तोवर घरे पाडून झाली होती.

आणि अर्लिन! १९२५ साली भावासाठी लढलेल्या त्याच गावी पुढे एका विज्ञान उद्यानाची आखणी झाली, तीही तैवान शुगरच्या जमिनीवर. त्यासाठी शेतीच्या कालव्यातून पाणी न्यायचे ठरले, तेव्हा २०११-१२ मध्ये खालच्या अंगाचे शेतकरी रस्त्यावर आले. ज्या मोठ्या कंपनीसाठी उद्यान आखले होते, तिने येण्याचा बेत सोडला. पाणी वळवण्याचे कामही थांबवावे लागले.

सगळी उद्याने यशस्वी होतात, हा समज यावरून खोटा ठरतो. शिन्चू फळले, ताइनान फळले, अर्लिन अडखळले. कायदा एकच, देश एकच, तरी निकाल निराळा.

मग यश कशात आहे?

या सर्व हकिकतीतून आम्हांस पाच गोष्टी दिसतात.

एक : जवळ विद्या हवी. विद्यापीठ किंवा संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर असेल, आणि तिथली माणसे कारखान्यात व शेतात येत-जात असतील, तरच परिसर जिवंत राहतो. कुंपण, कमान आणि फलक यांनी काही उगवत नाही.

दोन : सर्वांच्या मालकीची एक संस्था हवी. एकट्या लहान धंद्याला न परवडणारा प्रयोग तिने करावा, आणि तयार झालेले तंत्र माणसांसकट बाहेर द्यावे. तंत्र कागदावरून जात नाही, ते माणसाच्या हातातून जाते.

तीन : बाहेर गेलेल्यांना परत यायला वाट हवी. घर, शाळा, मान आणि करण्याजोगे काम, एवढ्या चार गोष्टी त्या वाटेवर लागतात.

चार : दम हवा. न्याहारीची बैठक १९७४ ची आणि टीएसएमसी १९८७ ची. मधली तेरा वर्षे नुसती पेरणी चालली होती. दर निवडणुकीला पीक मागणाऱ्याने हा धंदा करू नये.

पाच : जमीन आणि पाणी यांचा हिशेब आधी आणि उघड व्हावा. जिथे तो झाला नाही, तिथे एक तर गावाचे घर पडले, नाहीतर उद्यान अडले.

आपल्याकडे काय आहे?

आपण रिकाम्या हाताचे नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचे काम १९१२ पासूनचे. को ८६०३२ हे आपल्या रानारानात दिसणारे वाण तिथून आले, आणि पाडेगावच्या चाचण्यांतून आपल्याकडे रुजले. फुले २६५ हे तर पाडेगावचेच. १९७५ साली ऊस उत्पादकांनी आणि कारखान्यांनी मिळून उभी केलेली संस्था आज मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने काम करते. सर्वांच्या मालकीची संशोधन संस्था ही कल्पना तैवानकडून उसनी घ्यायची गरज आपल्याला नाही. शिन्चूची संस्था आणि मांजरीची संस्था यांच्या जन्मात दोनच वर्षांचे अंतर आहे.

सहकाराचेही तसेच. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो कारखाना उभा केला, त्याच्याभोवती पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. कोल्हापूरचे उद्यमनगर पाहा. फौंड्री, लेथ, गिअर आणि सुटे भाग एकमेकांना लागून. पंपाची इंजिने दुरुस्त करता करता तिथले कारागीर स्वतः इंजिने करू लागले. त्यांचे गिऱ्हाईक कोण? तुम्ही-आम्ही, ऊसवाले. नाव दिले नाही एवढेच, पण तो नवे घडवणारा परिसरच होता.

कमी पडते ते मधल्या दुव्यात. संशोधन केंद्रातले वाण शेतात येते, पण शेतातले अनुभव संशोधन केंद्राकडे परत जात नाहीत. माती नमुना घ्यायला कर्मचारी आला, तर "पुढच्या पाळीला बघू" म्हणून त्याला परत पाठवले जाते. एकरी टनेज विचारले तर कुणी चार टन चढवून सांगतो, कुणी नजर लागेल म्हणून उतरवून सांगतो. शिन्चूच्या पोरांचा उतारा खऱ्या नोंदीवर वाढला. आपल्या नोंदी खऱ्या नसतील, तर मांजरीच्या शास्त्रज्ञाने सल्ला द्यायचा कशाच्या आधारावर?

आपण काय करावे?

चिपचा कारखाना आपल्या माळावर यावा, असे आम्ही म्हणत नाही. आपली ‘एक गोष्ट’ ऊस हीच आहे. उसापासून साखर, वीज, इथेनॉल होते. उसाला लागणारे ठिबक, यंत्रे, जैविक खते, ऊतिसंवर्धित रोपे, माती-पाण्याचे मोजमाप, हे सारे धंदे कुठेतरी होतातच. ते आपल्या परिसरात का होऊ नयेत, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी आमच्या सूचना अशा आहेत.

(१) प्रत्येक सभासदाने निदान एका प्लॉटची नोंदवही ठेवावी. लागण तारीख, बेण्याचा प्रकार, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचे खरे टनेज. आकडा कमी आला तर लाज मानू नये. कमी आलेला खरा आकडा चढवलेल्या खोट्यापेक्षा गटाच्या जास्त उपयोगी पडतो.

(२) मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असे त्रिस्तरीय बेणे मळे गटातल्या गटात व्हावेत. बेणे मळा करणारा शेतकरी हा आपला पहिला प्रयोगशील उद्योजक समजावा, आणि त्याचे बेणे गावाने आधी उचलावे.

(३) ज्यांची मुले-मुली इंजिनियर, कृषि पदवीधर, संगणकातील जाणकार आहेत, त्यांची नावे गट ऑफिसात द्यावीत. गावी आल्यावर त्यांना कारखाना, डिस्टिलरी, माती परीक्षण प्रयोगशाळा दाखवावी, आणि आपली एक ठोस अडचण त्यांच्यापुढे मांडावी. "गावाकडे ये" असे नुसते सांगून कुणी येत नाही. करण्याजोगे काम दिसले, तर येण्याचा विचार तरी होतो. मुलींची नावे द्यायला विसरू नये. शेतीचा खरा हिशेब बऱ्याच घरांत बायाच ठेवतात.

(४) कुणीही उद्योगासाठी जमीन मागायला आले, तर विक्रीचा भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पाणी कुठून घेणार आणि वापरलेले पाणी कुठे सोडणार? जमीन भाडेपट्ट्याने घेणार का? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे येईपर्यंत कुणीही एकट्याने सही करू नये. निर्णय ग्रामसभेत, सर्वांसमक्ष व्हावा.

पाण्याविषयी आणखी एक कटु गोष्ट सांगतो. उद्या शहर किंवा उद्योग पाणी मागेल, तेव्हा आपल्याला विचारले जाईल, "तुम्ही एका एकराला किती पाणी लावता?" पाट मोकळा सोडून दिलेल्या उसाला त्या दिवशी उत्तर देता येणार नाही. ठिबकवर मोजून पाणी देणाऱ्याचा हक्क त्याच्या मीटरवर लिहिलेला असेल. च्यानानच्या शेतकऱ्यांनी पाणी थोडे असताना फेरपाळी पत्करली. आपणही आपापसात पाण्याची शिस्त लावली, तर आपले पाणी दुसऱ्याला देताना सरकारला दहा वेळा विचार करावा लागेल.

शेवटी, तैवानचा शेतकरी एके काळी कंपनीच्या काट्याला घाबरत होता. आपला काटा आपल्या सहकारी कारखान्याचा आहे, आणि तो तपासून घेण्याचा हक्क सभासद म्हणून आपल्या हाती आहे. हीच मालकी नव्या ज्ञानावरही आली, तर पोरे परत येण्याजोगा परिसर आपल्यालाही घडवता येईल. याला वेळ लागेल. पण उसालाही अठरा महिने लागतात आणि आपण धीराने थांबतोच.

पुढील गटसभांत वर दिलेल्या चार सूचनांवर चर्चा व्हावी आणि आपली मते शेतकी खात्याकडे लेखी द्यावीत, ही विनंती. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते